'पेव फुटणे' यातलं पेव नक्की कोणतं?

हुरडा: "क्लासेसचं पेव फुटलंय" असं आपण सर्रास लिहितो. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, हे शाळेत शिकलो. पण जमिनीतलं पेव फुटून धान्य जाणार कुठे? फुटायचीच तर कणगी फुटेल. माझं मत, हे पेव धान्याचं नव्हेच. पेव नावाची वनस्पती आहे, लालसर कणसातून मोठी पांढरी फुलं येणारी. पावसाळा लागला की गड्ड्यांतून रानभर कोंब फुटतात. वाक्प्रचार तिथला.

कृष्णाकाठ: पेव बघितलंय का कधी? सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, २००५च्या महापुरात बरीचशी गेली. तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट हे मोठं. तोंडावर फरशी, वर माती. आमच्याकडे ज्वारीचं होतं. उघडल्या उघडल्या आत कुणी उतरायचं नाही, हवा कोंडलेली. आधी दोरीनं कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं. मग त्या एवढ्याशा भोकातून दिवसभर पोत्यामागून पोतं. पेव फुटणं ते हेच.

हुरडा: हे पेव उघडणं झालं. फुटणं कसं?

शेवंता: चर्चेला तोंड फुटतं तेव्हा कुणाचे दात पडतात का? वाचा फुटते, पाझर फुटतो, तांबडं फुटतं. कोंडलेलं मोकळं झालं की मराठीत ते 'फुटतं'.

हुरडा: मान्य. पण सूर बघा. "चांगल्या दवाखान्यांचं पेव फुटलं" असं कुणी म्हणत नाही. नको ते उदंड झालं की पेव फुटतं. साठवलेलं धान्य नकोसं का असेल? तो सूर रानात माजणाऱ्या झाडालाच शोभतो.

कृष्णाकाठ: पेवातल्या ज्वारीची भाकरी खाल्लेली दिसत नाही तुम्ही. कडेची ज्वारी ओल धरते, पिवळी पडते, वास तर विचारू नका. आजी ती वेगळी काढून गुरांना घालायची.

शेवंता: वासावरून वाक्प्रचार ठरवणं जरा जास्तच होतंय हं. सुराचा मुद्दा हुरडा यांचाच वरचढ आहे.

बाणकोटी: आमच्या बांधावर पेव आहे. हुरडा, तुमच्या बाजूनं लिहायला बसलो होतो, म्हणून आधी आईला विचारलं. ती म्हणते, "पेव रुजून आला" म्हणतात, फुटला कुणी म्हणत नाही. आता काय लिहू?