एअर इंडिया बिल्डिंग पाडा म्हणणाऱ्यांना उत्तर

कुलाबेकर (धागाकर्ता)
काल एका महाशयांनी लिहिलं, "नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंग पाडून सरकारने नवा टॉवर बांधावा. सत्तरच्या दशकातल्या खोक्याला कसला आलाय वारसा?" तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं इतकं फिरलं की वेगळा धागा काढतोय.

अहो, ही २३ मजल्यांची इमारत १९७४ साली पूर्ण झाली. आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन बर्जीचा. फिलिप जॉन्सन आणि हा बर्जी, याच जोडगोळीने पुढे तिकडे एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची इमारत केली आणि जगभरच्या वास्तुरचनाकारांना भांडायला लावलं. जेआरडी टाटा तेव्हा एअर इंडियाचे अध्यक्ष होते. सरकारी कंपनीचं मुख्यालय असूनही त्यात सरकारी कळा नव्हती, हे कुणाच्या चवीमुळे ते सांगायला नको. १२ मार्च १९९३ ला खाली बॉम्ब फुटला, २० माणसं गेली. इमारत उभी राहिली. आणि आता आपण पाडायची?

खडूस वाचक
ते महाशय मीच. नाव घ्यायला लाजू नका.
उभी राहिली म्हणून वारसा? मग निम्मा गिरणगाव यादीत घाला. वारसा बघायचाय तर मरीन ड्राइव्हवर चालत जा. आर्ट डेको शैलीतल्या इमारती, २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. त्या बाल्कन्यांत माणूस उभा राहील असं वाटतं. तुमच्या टॉवरमध्ये एकसारख्या खिडक्या मोजण्यापलीकडे काय आहे? परदेशी नाव दिसलं की आपल्याला भरून येतं, दुसरं काही नाही.

चर्चगेटचा चाकरमानी
इमारत राहू दे बाजूला. २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला नेलं तेव्हा कुठे होतात सगळे? मुंबईतून एकेक उचलून न्यायचं आणि आपण खिडक्यांवर वाद घालायचा.

खडूस वाचक
आलं का दिल्ली! कंपनी गाळात होती हो. समुद्रासमोरच्या जागेत बसून तोटा करायचा आणि मजले भाड्याने देऊन घर चालवायचं, याला मुख्यालय म्हणतात?

चर्चगेटचा चाकरमानी
दिल्लीला जाऊन नफा झाला वाटतं? २०२२ च्या जानेवारीत टाटांना विकावीच लागली ना? मी आयुष्यभर विरारहून लोकलने नरिमन पॉइंटला गेलोय. आमचं ऑफिस बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात हललं तेव्हा अर्ध्या लोकांनी वैतागून नोकरी सोडली. ऑफिस हलतं म्हणजे काय होतं ते एसीत बसून टाइप करणाऱ्याला कळायचं नाही.

खडूस वाचक
बीकेसी विरारहून जवळ पडतं, काका.

चर्चगेटचा चाकरमानी
वांद्र्याला उतरून रिक्षाच्या रांगेत उभे राहिलायत कधी? चर्चगेटला शेवटचं स्टेशन असतं, निवांत उतरता येतं. आणि मी तुमचा काका नाही.

हिशेबनीस
टाटांना विमानं गेली, इमारत नाही. ती केंद्राने वेगळ्या कंपनीत काढून ठेवली होती. तिच्याकडून राज्य सरकारने १,६०१ कोटींना घेतली, वर २९८ कोटींच्या आसपास स्वतःचं येणं सोडून दिलं. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने होकार दिला. एवढे पैसे मोजून पाडायची म्हणजे कमाल आहे. २०१२ मध्ये मंत्रालयाला आग लागली तेव्हापासून खाती इकडेतिकडे विखुरलीत, त्यांना जागा हवीच आहे.

कुलाबेकर
धागा वास्तुकलेचा आहे, रिक्षाचा नाही, एवढं लक्षात असू द्या मंडळी.

मीरा_ग
माझे बाबा तिथे होते. स्फोट झाला तेव्हा वरच्या मजल्यावर. धुरातून जिन्याने खाली आले, फोन लागेना, रात्री उशिरा घरी पोचले. पुढच्या आठवड्यात परत कामावर गेले, त्याच दारातून. ते कधी "इमारत सुंदर आहे" म्हणाले नाहीत. पण गच्चीवरचा तो एअर इंडियाच्या चिन्हातला लाल धनुर्धारी दिसला की गाडीत सगळ्यांना दाखवायचे, "आपलं ऑफिस". खडूस साहेब, माणूस बाल्कनीतच दिसतो असं नाही.

खडूस वाचक
मीराताई, तुमच्या बाबांबद्दल आदर आहे. पण आठवणी जपायला १,६०१ कोटी लागत नाहीत. मुळात ती अख्खी जमीनच समुद्रात भराव घालून केलेली. १९२० च्या दशकात त्या भरावाच्या योजनेतला भ्रष्टाचार ज्या के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, त्यांचंच नाव पुढे भरावाला देऊन टाकलं! एवढा विनोद झालेल्या जागेवर कसल्या वारशाच्या गप्पा?

कुलाबेकर
हा मुद्दा बरोबर आहे, झोंबला तरी. पण भराव हेच पाप असेल तर तुमचा लाडका मरीन ड्राइव्ह कशावर उभा आहे? तोही त्याच योजनेतला. युनेस्कोला कळवू का?

खडूस वाचक
कळवा. बरं, नका पाडू! एकदा पैसे गेलेच आहेत तर आणखी पाडण्याचं कंत्राट कुणाच्या मेव्हण्याला कशाला? फक्त आतल्या मजल्यांना प्लायवूडचे कप्पे ठोकून फायलींचं गोदाम केलंत, तर हा धागा वर काढून प्रत्येकाला नावानिशी विचारीन.

चर्चगेटचा चाकरमानी
कप्पे ठोकणारच. आणि रिक्षाच्या रांगेबद्दल अजून उत्तर आलेलं नाही.