आरवलीचं घर, चार खोल्या आणि चित्रकथीचं पान

दांडियाबाजारची आत्या (बडोदे)

नमस्कार. आमचं मूळ घर वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला, सागरतीर्थाच्या वाटेवर. आजोबा नोकरीसाठी बडोद्याला आले, दांडिया बाजारात बिऱ्हाड केलं आणि तिकडचं घर चुलत्यांकडे राहिलं. आता चुलते नाहीत. मुंबईचा भाचा आणि मी, दोघांनी ठरवलंय की घर पाडायचं नाही. नीट करून चार खोल्या पाहुण्यांसाठी काढायच्या, तीन घरात आणि एक गोठ्यात. भाचा त्याला ‘बुटीक हॉटेल’ म्हणतो, म्हणू दे. भरतीरेषेपासून घर दोनशे मीटरच्या पलीकडे आहे, मोजणी झाली आहे. त्यामुळे कागदपत्रांचं नको, बाकीचं सांगा.

भाच्याने एक डिझायनर नेमला आहे. मुलगा मेहनती आहे. त्याने पिंगुळीच्या चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगायच्या कथांची, पानं मोठी करून पलंगामागच्या भिंतींवर छापायचं ठरवलंय. टेबलांवर गंजिफाचे, म्हणजे जुन्या गोल रंगीत पत्त्यांचे, राजे रेझिनमध्ये बसवायचे आणि न्हाणीघराच्या दारावर दशावतारी नाटकातला संकासुर राक्षस. चित्रं बघून भाचा खूश आहे. मला रात्री झोप लागली नाही.

का, ते सांगते. १९७६ साली मी इथल्या फाइन आर्ट्सला दाखल झाले. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन सर तेव्हा इथेच शिकवत होते, पुढे १९८० मध्ये शांतिनिकेतनला गेले. आमच्या फेअरसाठी ते लाकडाची खेळणी करत. चार ठोकळे, थोडी दोरी, मणी, आणि त्यातून वाघ उभा राहायचा. ते खेळणं हातात घेऊन हलवलं की कळायचं. काचेच्या कपाटात ठेवलं तर नुसता ठोकळा. पुढे तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. दरवर्षी मुलांना इथल्या जुन्या तांबेकर वाड्यात न्यायचे. महाभारत, भागवत, सगळं भिंतीभर, आणि ती चित्रं त्या भिंतीसाठीच काढलेली. भिंतीवरच्या चित्राशी माझं वैर नाही, हे आधी सांगून ठेवते.

पण मार्गशीर्षात आम्ही पिंगुळीला गेलो. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी आपल्या गोठ्यातच संग्रहालय केलंय. तिथे पोथी उघडलेली पाहिली. एकेका कथेची पानं म्हणजे एक पोथी, आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. म्हणजे एका पानाला दोन तोंडं. वीणा, टाळ आणि हुडूक (छोटं चर्मवाद्य) यांच्या साथीवर कथा पुढे सरकते तसं पान उलटायचं. एक बाजू भिंतीला लावली की दुसरी कायमची मेली. हे मी भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “आत्या, आपण खरं पान कुठे लावतोय, फोटोच छापतोय.” त्यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. तुम्ही सांगा, मी अडून बसतेय का? आणि भिंतींना आतून काय लावावं, तेही सांगा. चुलत्यांनी सिमेंटचा गिलावा केला होता, तो पोपडे धरून पडतोय.

खारो वारो (वेंगुर्ले)

आत्या, आधी भिंत, मग चित्र. घर जांभ्याचं असणार. जांभा चिरा म्हणजे भोकांचा दगड, पाणी पितो आणि हवा लागली की सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की पाणी आत कोंडतं, मीठ मागून ढकलत येतं आणि लोणा फुटतो. तुमचे पोपडे तेच आहेत. सिमेंट पूर्ण खरवडून काढा, भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी वाळू द्या आणि मग चुन्याचा गिलावा करा. चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, गवंड्याला घाई करू देऊ नका. वर प्लास्टिक पेंट नको, चुन्याचीच सफेदी. दर दोन वर्षांनी हात फिरवावा लागेल, त्याची तयारी ठेवा.

आता हिशेब करा. या भिंतीवर प्रिंटचा चिकट कागद लावला, तर पहिल्या पावसात तो सुटणार. तुमच्या भाच्याला कलेचं कारण पटत नसेल तर हे सांगा, पटेल.

बिजागऱ्या, कड्या, खिट्ट्या पितळेच्या घ्या. लोखंड आमच्याकडे तीन पावसाळे काढत नाही. आणि संकासुराबद्दल: जत्रेत तो मांडावर येतो तेव्हा पोरं आईला बिलगतात, म्हातारी माणसं हात जोडतात. न्हाणीच्या दारावर त्याला लावलात तर गावात कोणी तोंडावर बोलणार नाही, पण तुमच्याकडे कामाला बाई मिळणार नाही. गावच्या रागाची ही रीत आहे.

कागदवाली (बडोदे, कारेलीबाग)

मी कागदावरच्या जुन्या चित्रांच्या डागडुजीचं काम करते, म्हणून थोडं. खरं पान घेणार असाल तर बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. काच आणि कागद यांच्यात फट हवी, नाहीतर ओलीत कागद काचेला चिकटतो. एसीच्या खोलीत तर नकोच. पाहुणा आला की एसी सुरू, गेला की बंद, आणि त्या थंड-गरम होण्यात बुरशी धरते. मधल्या ओटीवर, आतल्या भिंतीलगत, लाकडी पेटीत पोथी म्हणूनच ठेवा.

मंदार_रावपुरा (बडोदे)

मला भाच्याची बाजूही मांडावीशी वाटते. नुसत्या पांढऱ्या भिंतींचे फोटो बघून लोक आरवलीपर्यंत का येतील? त्यांना हे घर कुठल्या मुलखातलं आहे हे पहिल्या नजरेत कळायला हवं. माझं म्हणणं, छापायचं नाही, पण नवं काढून घ्या. पिंगुळीच्या चित्रकारांना बोलवा, गोठ्याची एक भिंत द्या, कुठला प्रसंग काढायचा तो त्यांना ठरवू द्या आणि त्याचे पैसे नीट द्या. आपल्या बडोद्याच्या कीर्तिमंदिरात चित्रकार नंदलाल बोस आले आणि भिंतींवर काम केलं, म्हणून ती चित्रं आज तिथली आहेत. फोटो छापला तर चित्रकाराला काय मिळतं? काही नाही. आत्या, भाच्याला द्यायचं उत्तर मला तरी इथे दिसतं.

गंजिफाचं म्हणाल तर रेझिनमध्ये कशाला गाडायची? सावंतवाडीहून दशावतारी संच आणा आणि लोकांना खेळू द्या. १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा, इथेच नवखा गडबडतो. दिवसा खेळायला बसलात तर उतारी रामाची, दिवे लागल्यावर कृष्णाची. पावसात अडकलेल्या पाहुण्याला याहून चांगलं काय देणार? आणि ही कला सावंतवाडीत टिकली त्यात राजमाता सत्त्वशीलादेवींचा मोठा वाटा, त्यांचं माहेर बडोद्याचं. तुम्ही इथून तिथे जाताय, तर हे तुम्हीच करायला हवं.

दांडियाबाजारची आत्या

सगळ्यांचे आभार. काल भाच्याशी दीड तास फोनवर बोलले. भिंतीला लोणा फुटतो, हे त्याला लगेच पटलं. चित्रकाराच्या पैशांच्या मुद्द्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.” मंदार, हे तुमच्यामुळे.

ठरलं ते असं. तिन्ही खोल्या पांढऱ्या, चुन्याच्या. संकासुर रद्द. गोठ्याच्या लांब भिंतीवर पिंगुळीच्या चित्रकारांना विचारायचं, त्यांची इच्छा असेल तरच. पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, शेणाची जमीन राखायची, आणि पाहुणे असतील तेव्हा महिन्यातून दोनदा रात्री चित्रकथी सांगायला बोलवायचं. जेवणं चालू असताना नाही, जेवणं आटोपल्यावर. मानधन आधी हातात द्यायचं. त्या वेळात कोणी ताटं वाजवलेली मला चालणार नाही, हे भाच्याने लिहून घेतलंय. बिचाऱ्या डिझायनरचं मन मोडू नये म्हणून पितळी कड्या, दिवे आणि पलंग त्याच्याकडे दिलेत. त्याचं पलंगाचं रेखाटन खरोखर सुंदर आहे, फणसाचं लाकूड आणि काथ्याची वीण.

कागदवाली, पेटीसाठी कुठलं लाकूड? फणसाचं उरेल, ते चाललं तर बरं. आणि खारो वारो, सिमेंट खरवडायला एप्रिलमध्ये माणसं मिळतील का? तेव्हा तिकडे आंब्याची गडबड असते.

खारो वारो

मिळतील, पण फेब्रुवारीतच सांगून ठेवा. आणि येताना आरवलीच्या ग्रामदेवाला, वेतोबाला, केळ्यांचा घड घेऊन या, कामाची सुरुवात तिथून करा.