मदत हवी आहे: एस्पेरांतोत नियमाने बनवलेला शब्द चूक कसा?

घाईतला: उद्या सकाळी भाषाविज्ञानाचं सादरीकरण आहे, विषय एस्पेरांतो, ती मुद्दाम बनवलेली भाषा. जिथे बघावं तिथे हेच लिहिलंय: १६ नियम, अपवाद नाही. नामाला ओ, विशेषणाला आ, क्रियापदाला ई, हवा तो प्रत्यय जोडा. तसा जोडला, तर सरांनी लाल गोल करून 'असा शब्द नाही' लिहिलंय. लवकर सांगा, प्रिंट काढायच्यात.

कर्वे_रस्ता: शब्द कोणता? प्रत्यय कोणता?

घाईतला: त्याने काय फरक पडतो? नियम सगळ्या शब्दांना सारखाच आहे ना?

नारायणपेठी: डॉक्टरकडे गेल्यावरही कुठे दुखतंय ते सांगत नाही का?

सायकलस्वार: कर्माला न लावला नसणार, पैजेवर सांगतो. मी पुस्तक वाचतो = मी लेगास लिब्रोन. (हो, 'मी' म्हणजे मीच. तेवढा एक शब्द फुकट मिळतो.) माझ्या निम्म्या चुका त्या न च्याच असायच्या.

घाईतला: सुटा शब्द आहे. न चा संबंध नाही.

मधुमालती: तुम्ही 'माल' (म्हणजे उलट) वापरून बघा ना, फार गोड आहे. साना निरोगी, मालसाना आजारी, मालसानुलो आजारी माणूस, मालसानुलेयो दवाखाना. 'एय' म्हणजे जागा. लेर्नी शिकणे, म्हणून लेर्नेयो शाळा. अर्धा शब्दकोश वाचतो.

नारायणपेठी: आणि डावा म्हणजे मालदेक्स्त्रा, उजव्याच्या उलट. मी डावखुरा आहे. आम्ही काय घोडं मारलंय?

सूत्रधार: हे सगळं पाणिनीने आधीच करून ठेवलंय. धातू, उपसर्ग, प्रत्यय. झामेनहॉफने १८८७ साली एस्पेरांतो काढून नवीन काय केलं?

कर्वे_रस्ता: पाणिनीने भाषा बनवली नाही हो, होती तिचं व्याकरण लिहिलं. तेही जवळजवळ ४००० सूत्रांत. वॉर्सातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने १६ त भागवलं.

सूत्रधार: म्हणूनच मुलाचा शब्द लाल झाला.

म्युनिकला_जायचंय: एस्पेरांतोवर नोकरी मिळत नाही. त्यापेक्षा जर्मन करा. रानडे इन्स्टिट्यूट नाहीतर मॅक्स म्युलर भवन.

नारायणपेठी: उद्या सकाळपर्यंत?

घाईतला: शब्द 'ब्रोसीलो'. ब्रश. 'ईल' म्हणजे साधन. कंगव्याला कोम्बीलो चालतं, सुरीला त्रान्चीलो चालतं, मग ब्रशनेच काय पाप केलंय?

कर्वे_रस्ता: हे पहिल्याच पोस्टमध्ये टाकायचं होतं. प्रत्यय ठीक आहे, मूळ बघा. एस्पेरांतोतलं प्रत्येक मूळ आपली जात घेऊन येतं. कोम्ब हे क्रियेचं मूळ. कोम्बी विंचरणे, कोम्बो म्हणजे विंचरण्याची क्रिया, म्हणून साधनासाठी ईल लावावं लागतं. ब्रोस हे मुळातच वस्तूचं नाव आहे. ब्रोसो म्हणजे ब्रश, त्यावरून ब्रोसी म्हणजे ब्रशने घासणे. घासण्याच्या क्रियेला नाम हवं असेल तर ब्रोसादो. ब्रोसीलो म्हटलं की ब्रशने घासायचं साधन होतं, म्हणजे पुन्हा ब्रशच.

घाईतला: मग मूळ कुठल्या जातीचं ते ओळखायचं कसं?

कर्वे_रस्ता: नुसतं बघून कळत नाही. शब्दकोश उघडायचा. सुताराच्या एकाच पेटीत करवत सेगीलो आणि हातोडा मार्तेलो, कारण सेगी म्हणजे करवतणे हे आधीचं आणि हातोड्यात वस्तू आधीची. स्लाइडवर 'अपवाद नाही' राहू दे, 'पाठांतर नाही' लिहिलं असेल तर खोडा.

सायकलस्वार: तरी पण न तपासून घ्या.

मधुमालती: मराठीत तरी कुठे सरळ आहे? चाळणीने चाळतो, गाळणीने गाळतो, किसणीने किसतो. कापणीने काय कापता सांगा.

भोरकर: कापणीचं नाव काढू नका. भात उभं आहे आणि माणसं मिळेनात.

घाईतला: सेगीलो-मार्तेलो टाकतेय चौथ्या स्लाइडवर. धन्यवाद. सूत्रधार, मी मुलगी आहे.

म्युनिकला_जायचंय: जर्मनचा विचार करा तरीपण.

नारायणपेठी: भोरकर, इंद्रायणी आहे का? नवा तांदूळ काय भावाने देणार?