रंगीत साखरगोळ्या: आपल्या गोडधोडावर त्यांचे काय काम?

मूळ मत (गुहागर)
वाढदिवसाच्या केकवर भुरभुरल्या जाणाऱ्या रंगीत साखरगोळ्या अलीकडे आमच्या भागात नारळाच्या वड्यांवर, आंब्याच्या शिऱ्यावर आणि क्वचित उकडीच्या मोदकांवरही दिसू लागल्या आहेत, आणि माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. या गोळ्या म्हणजे मुख्यतः साखर, थोडे स्टार्च, वनस्पती तेल, कृत्रिम रंग आणि वर चकाकीसाठी लाखेचा किंवा मेणाचा लेप. त्यांत प्रथिने नाहीत, तंतू नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशी शिफारस केली की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढासाठी सुमारे २५ ग्रॅमवर, आणावी. गुळाने आधीच गोड झालेल्या पदार्थावर आणखी साखर कशासाठी?

प्रतिसाद (सावंतवाडी, घरगुती केक करणारी)
ताई, आपण दिलेला आकडा बरोबर आहे, पण तो या गोळ्यांवर लावणे मला पटत नाही. चमचाभर गोळ्या साधारण ४ ग्रॅम भरतात, म्हणजे जेमतेम १६ कॅलरी, आणि केकच्या एका तुकड्याच्या वाट्याला तेवढ्याही येत नाहीत. स्पंजमधली आणि क्रीममधली साखर याच्या कितीतरी पट असते. शिवाय मोदकाच्या सारणात आपण घालतो तो गूळदेखील त्या शिफारशीच्या हिशेबात साखरेतच धरला जातो. साखरेने सजवणे आपल्याला नवीन तरी कुठे आहे? पाडव्याच्या गुढीला साखरेची गाठी लागते, संक्रांतीला बाळाला हलव्याचे दागिने घालतात. मग पोरांच्या केकवरच्या चिमूटभर रंगाचा एवढा राग का?

मूळ लेखिका
गाठी आणि हलवा वर्षातून एकदा येतात आणि हलवा बहुधा पांढराच असतो. या गोळ्या आता दर आठवड्याच्या खाऊवर आल्या आहेत. माझी मोठी तक्रार मात्र रंगाची आहे. साऊदॅम्प्टन विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट (खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी वापरले जाणारे रसायन) यांचे मिश्रण दिलेल्या मुलांमध्ये चंचलपणा वाढलेला आढळला, आणि युरोपीय संघाने जुलै २०१० पासून त्या सहा रंगांसाठी वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक केले. टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पाँसो ४आर हे त्या सहांपैकी चार रंग आपल्याकडे मान्य आहेत.

प्रतिसाद (सावंतवाडी)
त्या अभ्यासात रंग आणि बेन्झोएट एकत्र दिले होते, त्यामुळे दोष नेमका कोणाचा हे त्यातून ठरत नाही. परिणामही सौम्य होता आणि सर्व मुलांत सारखा नव्हता. आपल्याकडे या रंगांना मर्यादा घालून दिलेली आहे. मी नेहमी बंद पाकीट घेते आणि त्यावरचे क्रमांक वाचते: १०२ म्हणजे टारट्राझिन, ११० म्हणजे सनसेट यलो. गिऱ्हाईक रंगीत केक मागते तेव्हा मी त्याला नकार कसा देऊ?

प्रतिसाद (मालवण)
नकार देऊ नका, दुसरे काही दाखवा. अनारशावर खसखस आपण पिढ्यान्‌पिढ्या लावतो. ती भाजून केकवर फार सुरेख दिसते आणि तिच्यात तेल व कॅल्शियमही असते. वेंगुर्ल्याच्या काजूचे भाजलेले तुकडे किंवा बिटाच्या रसात रंगवून मंद आचेवर सुकवलेले खोबरे ही सजावट तर आहेच, आणि पोटात काहीतरी घालणारीही आहे. आमच्या दमट हवेत साखरगोळ्या तशाही टिकत नाहीत. पावसाळ्यात त्या ओलसर होतात आणि त्यांचा रंग क्रीममध्ये उतरतो.

प्रतिसाद (सावंतवाडी)
खोबरे पावसाळ्यात खवट होते, ते गोळ्यांपेक्षा लवकर. खसखस महाग आहे आणि पाच वर्षांच्या मुलाला ती दिसतही नाही. त्याला लाल-निळे ठिपके हवे असतात. काजूचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु वर्गातल्या मुलांत वाटायच्या केकवर मी तो घालत नाही, कारण एखाद्या मुलाला त्याची ॲलर्जी असू शकते.

मूळ लेखिका
केकपुरते आपले म्हणणे मी समजू शकते. बाजारात साध्या प्लास्टिकच्या पुडीत, वेष्टनावर एक अक्षरही न छापलेल्या ज्या गोळ्या मिळतात, त्यांत कोणता रंग किती आहे हे मात्र ना आपल्याला कळते, ना दुकानदाराला. मोदकावर आणि वड्यांवर मला त्या अजिबात नकोत, आणि सुटी पुडी तर कोणत्याच पदार्थावर नको.