सही नाकारणारा राष्ट्राध्यक्ष: रबरी शिक्का कुणाला म्हणता?

पाऊलवाट: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'संसदीय देशात राष्ट्राध्यक्ष म्हणजे रबरी शिक्का, आणि तीन-चार लाख वस्तीच्या देशाला तर हे पद म्हणजे निव्वळ चैन.' तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आइसलंडच्या घटनेचं कलम 26 वाचा. आल्थिंगीने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजूर केलेलं विधेयक दोन आठवड्यांच्या आत राष्ट्राध्यक्षांकडे जातं. सही झाली की कायदा. नाकारली तरी कायदा लागू होतोच, पण त्यावर सार्वमत घ्यावं लागतं, आणि लोकांनी 'नाही' म्हटलं की तो रद्द. आपल्याकडे 2006 मध्ये कलामांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं, संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, आणि त्यांना सही करावी लागली. तिथे शेवटचा शब्द जनतेचा.

जानेवारी 2010 मध्ये तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलाफुर राग्नार ग्रिमसन यांनी आइससेव्हच्या कायद्यावर सही नाकारली. आइससेव्ह म्हणजे लांड्सबांकी या आइसलंडच्या बँकेची परदेशातली ठेव खाती. बँक बुडाली, ब्रिटन आणि नेदरलँड्सच्या सरकारांनी आपापल्या ठेवीदारांना पैसे दिले आणि वसुली आइसलंडकडे मागितली; ती भरण्यासाठीचा हा कायदा. सही करू नका म्हणून लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोर लाल मशाली पेटवून उभे राहिले होते. 6 मार्चच्या सार्वमतात 90 टक्क्यांहून जास्त मतं विरोधात पडली. हा रबरी शिक्का?

गणिती: इतक्या भारावून जाऊ नका. 1944 ते 2004, साठ वर्षं हे कलम कुणी वापरलंच नाही. 1993 मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारावर सार्वमत घ्या म्हणून हजारोंनी सह्या दिल्या, तरी तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांनी मान्यता दिली. 2004 मध्ये ग्रिमसननी माध्यम कायदा अडवला. म्हणजे लोकांना कधी विचारायचं, हे एकटा माणूस ठरवणार. आणि तो 2008 मध्ये बिनविरोध आलेला, मतदानसुद्धा झालं नव्हतं.

ठेवपावती: कलम राहू द्या, ठेवीदारांचं बोला. माझ्या वडिलांची निवृत्तीची सगळी रक्कम एका सहकारी बँकेत होती. निर्बंध आले तेव्हा विम्याचं संरक्षण फक्त 1 लाखाचं. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते सकाळी सहाला बंद शटरसमोर जाऊन बसायचे. 'दुसऱ्याचे बुडालेले पैसे तुम्ही भरता का?' असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? असल्या प्रश्नावर मतदान घेणं हीच क्रूर थट्टा आहे.

पाऊलवाट: तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तिथल्या ठेवीदारांना त्यांच्या सरकारांनी आधीच पैसे दिले होते. मागणी जवळपास 380 कोटी युरोंची, वस्ती सव्वातीन लाखांच्या आत. डोई 12 हजार युरो, तान्ह्या बाळासकट.

बांधावरचा: बरोबर. कर्जं वाटली संचालकांनी आणि भरायची शेजारच्या गल्लीने? माझी मावशीही अशीच अडकली होती. तिला मी हेच सांगितलं, राग संचालकांवर काढ.

ठेवपावती: मावशीला काय सांगायचं ते सांगा, माझ्या वडिलांना शिकवू नका! औषधाला पैसे नव्हते त्यांच्याकडे. संचालक गाडीतून फिरत होते.

बांधावरचा: मग मी वेगळं काय म्हणतोय?

गणिती: एवढं मान्य करतो, 28 जानेवारी 2013 ला एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयाने या वादात आइसलंडच्या बाजूने निकाल दिला. पण 2011 चा परतफेडीचा नवा करार बराच सौम्य होता, आल्थिंगीत 44 विरुद्ध 16 मतांनी मंजूर झाला होता, आणि तोही ग्रिमसननी सार्वमताला पाठवला. लोकांनी पाडला. निकाल उलट गेला असता तर भुर्दंड देशाने भरला असता, ग्रिमसननी नाही.

पाऊलवाट: धोका होता, नाही म्हणत नाही. पण भरायचं ज्यांना होतं, त्यांनीच तो पत्करला. आणि ठेवपावती, एक राहिलं. 2016 पर्यंत लांड्सबांकीचीच मालमत्ता विकून हे देणं फिटलं.

ठेवपावती: बँकेच्याच मालमत्तेतून फिटलं, हे मला माहीत नव्हतं. मग तिथल्या लोकांना दोष देत नाही. आमच्या बँकेची इमारत मात्र अजून विकलेली नाही. वडील गेले. दावा आता आईच्या नावावर करायचाय, त्यासाठी वारस दाखला मागितलाय.