मदत हवी आहे: माळकरी वडील, दमा, पौषवारी आणि फ्लूची लस

नमस्कार मंडळी. माहेर निफाड तालुक्यात, मी नाशिकला असते. आप्पा 67 वर्षांचे. दमा आहे, बीपीची गोळी चालू आहे आणि गळ्यात तुळशीची माळ आहे. तिन्ही गोष्टी मुद्द्याच्या आहेत म्हणून आधीच सांगतेय.

गावातले डॉक्टर दर मोसमाला दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर सूचना लिहितात, मग फळ्याचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो. पावसाळ्यात पिंप-टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा, असं असतं. आताचा फळा असा: थंडीमुळे दवाखाना आठऐवजी नऊला उघडेल. बरं वाटतं म्हणून बीपीची गोळी सोडू नका, गारठ्यात बीपी चढतं. दारं-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका (याखाली दोन रेघा आहेत, बिचारे!). आणि येत्या रविवारी फ्लूची लस, म्हाताऱ्या माणसांनी आणि दमा-मधुमेहवाल्यांनी आधी नाव द्यावं.

आप्पांनी नाव दिलं नाही. एक तर शेजारच्या काकांना लस घेतल्यावर रात्री ताप आला. पण खरं कारण वेगळंच. ही लस अंड्यात बनते, असं पारावर कुणीतरी सांगितलं. झालं! "माळ घातल्यापासून अंड्याला शिवलो नाही, आता दंडातून घेऊ का?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांची यात्रा. आप्पा दिंडीबरोबर त्र्यंबकला पायी जातात, मुक्काम शाळेत नाहीतर मंडपात, सगळे दाटीवाटीने. एकादशीला तीन आठवडे उरलेत. त्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमान मोजतात, तिथला पारा उतरला की द्राक्षाला फटका बसू नये म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, आणि ते काम आप्पांना दुसऱ्या कुणावर सोपवायचं नसतं. रात्रभर खोकतात.

लस खरंच अंड्यातली असते का? आता घेऊन वारीला उपयोग होईल का? आणि माळकरी माणसाला समजवायचं कसं?

आरोग्यसेविका
ताई, पारावरची माहिती खरी आहे. बहुतेक फ्लू लशींसाठीचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. खोटं सांगून लस देऊ नका, नंतर कळलं तर गोळीवरचाही विश्वास जाईल. दंडात देतात त्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे लशीने फ्लू होत नाही. दंड दुखणं, एखाद-दुसरा दिवस कणकण, एवढं होऊ शकतं. काकांचं तेच झालं असावं. संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे हाच रविवार. विषाणू बदलत राहतो, म्हणून दरवर्षी घ्यावी लागते. त्या दिवशी अंगात ताप असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांगा.
लशीइतकंच महत्त्वाचं: आप्पांचा दम्याचा पंप (इनहेलर) एकदा हातात घेऊन बघा. रोजचा कोणता, दम लागल्यावरचा कोणता, आणि औषध शिल्लक आहे का. औषध संपल्यावरही दाबला की गॅस फुस्स करून येतोच, त्यामुळे कळत नाही.

बागाईतदार
शेकोटीचं मी सांगतो. ओला पाचोळा टाकला की धूर जास्त, आणि आमच्याकडे सगळे तोच टाकतात कारण धूर बागेवर बसावा म्हणतात. दम्याच्या माणसाने वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभंच राहू नये. आप्पांना घरून फोनवर हुकूम सोडू द्या, पेटवायला दुसरा माणूस लावा. हुकूम सोडायला मिळाला की म्हातारी माणसं ऐकतात. माझ्या वडिलांवरून सांगतो.

टाळकरी
आमच्या घरी हाच वाद झाला होता. मी वडिलांशी वाद न घालता त्यांच्या फडावरच्या (वारकरी मंडळीतल्या) महाराजांना विचारायला लावलं. महाराज म्हणाले, जिभेच्या चवीसाठी खाणं वेगळं, जीव राखायला औषध घेणं वेगळं. सगळेच महाराज असं म्हणतील असं नाही, पण विचारणारा माणूस आप्पा असावेत, तुम्ही नव्हे.

सुंठवडा
तुळस-आलं-गवती चहाचा काढा द्या, लस कशाला?

धागाकर्ती
काढा रोज चालू आहे हो, तरीही खोकतात!
काल गावी जाऊन आले. पंप बघितला. रोजच्या पंपाच्या मागचा आकडा शून्यावर होता. किती दिवसांपासून, देव जाणे. आप्पा सकाळ-संध्याकाळ नेमाने दोनदा ओढत होते, नुसता गॅस. आई म्हणाली, "आवाज येत होता की." डॉक्टरांनी नवा लिहून दिला, ओढायची पद्धत त्यांच्यासमोर करून घेतली आणि ओढल्यावर चूळ भरायला सांगितलं, तेही आम्हाला माहीत नव्हतं. शेकोटीला भाचा जाणार, आप्पा फोनवर.
लशीचं अजून "महाराजांशी बोलतो" इथवरच आलंय. यादीत दोघांची नावं मी घालून आलेय. आई तयार आहे, तिला माळ नाही.