मदत हवी आहे: क्वान्झाच्या सात तत्त्वांवरून वर्षाची उद्दिष्टं

अटलांटातल्या कृष्णवर्णीय मुलामुलींच्या गटासाठी (वय १५ ते १८, एकूण १२ जण) उद्दिष्टांचं पत्रक बनवतोय. आधार क्वान्झाचा. अमेरिकेतले कृष्णवर्णीय प्राध्यापक मौलाना करेंगा यांनी १९६६ मध्ये सुरू केलेला आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा हा सण २६ डिसेंबर ते १ जानेवारी चालतो. 'किनारा' या दिवठाणीत (समुद्राचा नव्हे!) सात मेणबत्त्या आणि रोज एक तत्त्व.

सातही तत्त्वांची सात उद्दिष्टं लिहून घेतली की फेब्रुवारीपर्यंत कागद हरवतो. म्हणून यंदा प्रत्येकी दोनच: 'निया' म्हणजे हेतू, 'कुउंबा' म्हणजे सर्जनशीलता. 'कुउंबा'चं सोपं आहे: आजीकडून एक पाककृती मापासकट लिहून घ्यायची, दोनदा करून बघायची. 'निया' मात्र 'चांगला माणूस होईन' यावर अडकतं. ते महिन्याला मोजता येईल असं कसं लिहवून घ्यावं?

दुसरी अडचण 'उजामा'ची, म्हणजे सहकारी अर्थव्यवस्थेची; हे त्या दोनांखेरीज, सगळ्या गटाचं मिळून. हे तत्त्व मुळात सामूहिक. एकट्याच्या बचतीचं उद्दिष्ट केलं की अर्थच जातो. म्हणून सुसू सुरू करायचा विचार आहे. पश्चिम आफ्रिका आणि कॅरिबियनमधली ही आपली भिशीच! दरमहा २५ डॉलर, १२ जण, प्रत्येकाला एकदा ३०० डॉलर. धोका तुम्हाला माहीतच आहे: आधी उचलणारा नंतर हप्ते बुडवतो.

भिशी चालवलेल्यांनी सांगा: पहिले तीन नंबर चिठ्ठीने काढावेत की ठरवून द्यावेत? आणि अल्पवयीनांचा पैसा कोणाकडे ठेवावा?